गलबतातला त

तमिळ आवणी महिन्यातला, म्हणजे श्रावण-भाद्रपदातला, शुक्रवार, आमच्या रस्त्यावर केबल टीव्ही आला त्याच वर्षीचा. हजर: मामा, माझा धाकटा भाऊ वासू, पाटी रंगवणारे सेल्वम आणि शिडी धरायला मी.

शब्दांवर आमच्या मामांइतका जीव टाकणारा माणूस अख्ख्या तंजावरात झाला नाही. लोक पानाचा डबा बाळगतात, मामा शब्द बाळगत. त्यांतला सर्वांत लाडका गलबत. इंग्रजांचं गॅलियन, आपलं गलबत, ते धक्क्याला लागलं की उठणारा गलबला आणि तमिळातला गलाटा म्हणजे गोंधळ, ही सगळी एकाच आईची लेकरं, असं त्यांचं ठाम मत. एकदा बसमध्ये त्यांनी हे कंडक्टरला इतकं रंगवून सांगितलं की तो शिटी मारायला विसरला आणि पापनाशमला उतरणारी अर्धी बस कुंभकोणमला पोचली. गॅलियनची मागची बाजू किती उंच असते हे दाखवायला ते डवऱ्यात, कॉफीच्या पसरट वाटीत, कॉफी ओतून तीत रिकामा पेला तिरका तरंगवत. माझ्या दोन चांगल्या साड्यांवर त्या जहाजाचे डाग आहेत. प्रत्यक्ष समुद्र मात्र त्यांनी एकदाच पाहिला, नागपट्टिणमला, तोही पाठमोरे बसून, कारण ऊन डोळ्यांवर येत होतं.

त्या वर्षी ज्याला त्याला माल परदेशात पाठवायचा होता. वासूनंही नोकरी सोडून तंजावरच्या मान डोलवणाऱ्या बाहुल्या बाहेर पाठवायचं ठरवलं आणि दुकानाला नाव विचारायला मामांकडे गेला. ही त्याची चूक.

"गलबत ठेव."

"मामा, वाचणार कोण? देवनागरी माझ्या पोरींना येत नाही. मलाच येत नाही."

"म्हणूनच रे. या रस्त्यावर आपल्या मराठीतला एक शब्द तरी दिसूं दे. मी गेल्यावर कोण लिहिणार?"

तोड मी काढली: वर इंग्रजीत गॅलियन, मध्ये तेच तमिळात, खाली गलबत. सेल्वमना देवनागरी येत नव्हती, म्हणून पाटी वर चढवण्याआधीच मामांनी तिच्यावर खडूनं चार अक्षरं काढून दिली. ती इतकी ऐसपैस की अर्धी पाटी संपली.

सेल्वमनी उरलेल्या जागेत वरच्या दोन ओळी कोंबल्या. "जागा कुठाय अम्मा? इंग्रजीतला एक ई काढून टाकला." म्हणजे गॅलियनचा झाला गॅलन. तमिळात क आणि ग यांना एकच अक्षर, त्यामुळे मधली ओळ लोक वाचू लागले केलियन. केलि म्हणजे थट्टा.

"मानम् कप्पल एरिपोच्चु!" वासू ओरडला. अब्रू जहाजात बसून गेली, असं तमिळात म्हणतात.

मामा इतके हसले की त्यांचा हात लागून शिडी हलली. "बघ! शेवटी जहाज आलंच ना?"

तोवर सेल्वमनी ग, ल, ब रंगवून टाकले होते. मामांनी हात वर केला. "थांबा. त मी रंगवणार." मग शिडीकडे बघून म्हणाले, "गुडघा जरा बरा होऊं दे."

सोमवारपासून लोक रिकामे कॅन घेऊन येऊ लागले. "गॅलन काय भाव, सार?" फळीवरच्या बाहुल्या प्रत्येकाला मान डोलवून हो म्हणत आणि वासू नाही म्हणत बसे. बाहुल्यांना गिऱ्हाईक आलंच नाही. शेवटी कंटाळून त्यानं पिण्याच्या पाण्याचे कॅन विकायला ठेवले, आणि दुकान चाललं. मामा जो भेटेल त्याला सांगत, "गलबत पाण्यावरच चालायचं!"

रोज संध्याकाळी ते पाटीखाली उभे राहून वर बघत. गुडघा काही बरा झाला नाही. मार्गळी महिन्यात, ऐन थंडीत, मामा गेले.

पाटीवर अजून गलब एवढंच आहे. दिवसभर माणसं पाणी घेऊन जातात, पण कुणालाही काही कमी वाटत नाही. काय कमी आहे ते वाचू शकणारी या रस्त्यावर आम्ही दोघंच होतो. आता मी एकटी. मामांचा खडूतला त वळचणीखाली असल्यामुळे पुसट का होईना, टिकलाय. तो जरा मागे रेलून बसल्यासारखा दिसतो, कॉफी झाल्यावर मामा बसत तसा. जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे मी गिरवून बघते. माझा ताठच येतो.

निळा रंग आणून ठेवलाय. शिडी धरायला वासू तयार आहे. बाकीची सगळी कामं झाली, त तेवढा रंगवायचा राहिलाय.