चार बायका, चार चुली

जिनिंगच्या गावात राहिलं की केसांत कापूस अडकतोच, तो कुणी मुद्दाम खोवत नाही. शाळेच्या स्टाफरूममधल्या गोष्टींचंही तसंच. सिंदीला मुलींच्या शाळेत मी गणित शिकवायला लागले आणि दोन वर्षांत इतके किस्से अंगाला चिकटले की झटकून संपेनात. त्यातले निम्मे एकाच सहलीचे. सहल कसली, धक्क्यामागून धक्के!

आमच्या हेडमास्तरीण, म्हणजे मोठ्या बाई, एका दुपारी आत आल्या आणि उभ्या उभ्याच म्हणाल्या, "नाताळच्या सुटीत आपन चौघी तलावावर मुक्कामाले जाऊ. कारंज्याच्या पलीकडे जंगलाच्या कडेले मस्त तलाव हाये."

शिवण शिकवणाऱ्या कमलताईंची सुई कापडात तशीच राहिली. "मुक्काम? नि राहाचं कुठं?"

"तंबूत!"

"अवं बाई, तंबूत त सर्कस राह्यते!"

मराठीच्या अंबूताई आमच्यात सगळ्यांत वडील. त्यांनी कपाळाला हात लावला, तो घंटा होईपर्यंत काढलाच नाही. बाई एकटी बाजारात दिसली तरी घरी चौकशी व्हायची, असे ते दिवस. इथे तर चार बायका जंगलात निघाल्या होत्या!

*

तंबूच्या आधी मोठ्या बाईंनी बंगल्याचा प्रयत्न करून पाहिला. तलावाजवळ एक सरकारी बंगला होता. त्याची परवानगी मागायला त्या मला घेऊन गेल्या. तिथल्या बाबूने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सोबत पुरुष कोन हाये?"

"मी," मोठ्या बाई म्हणाल्या.

बाबूने चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि परत घातला. तरी समोर बाईच दिसल्या! मग त्याला एकाएकी आठवलं की त्याच दिवसांत कोणीतरी साहेब बंगल्यावर येणार आहेत. कोण साहेब, ते काही त्याला आठवेना.

*

मग कमलताईंच्या यजमानांनी तोडगा काढला. त्यांची कापसाची दलाली. ते म्हणाले, "आपली बंडी घेऊन जा. वरून ताडपत्री बांधली की झालं घर. बैल जिकडं नेतीन तिकडं मुक्काम."

चालतं-फिरतं घर! मोठ्या बाई खूश. ऐसपैस झोपता येतं की नाही हे पाहायला त्या लगेच बंडीत शिरल्या आणि ताडपत्रीखाली आडव्या झाल्या. गाडीवान बैल जुंपून बिडी ओढायला गेला. बैल शहाणे! बंडी भरली की कुठे जायचं हे त्यांना पाठ होतं. ते सरळ कापसाच्या बाजारात जाऊन उभे राहिले. मी आणि कमलताई "हो, हो" करत मागे धावतोय, पण ऐकतंय कोण!

आता बाजारातली रीत अशी, की बंडी आली की व्यापाऱ्याचा माणूस ताडपत्रीखाली हात घालतो आणि कापसाचा मूठभर नमुना ओढून पाहतो. त्याने हात घातला. मोठ्या बाईंचा पांढराशुभ्र अंबाडा त्याच्या मुठीत आला.

न बघताच तो शेठजींना ओरडून म्हणाला, "धागा लांब हाये!"

पुढे काय झालं ते बाजाराने पाहिलं. मी डोळे मिटून घेतले होते.

*

शेवटी मांडववाल्याची राहुटी ठरली. ती कशी उभारायची ते शिकायला रविवारी शाळेच्या पटांगणात तालीम घेतली. खुंट्या ठोकायचं काम माझं. कुंपणापलीकडे हीऽ गर्दी! मांडववाल्याचा तंबू, भोवती बायकांची लगबग आणि त्यात बिनलग्नाची मी एकटीच. लोकांनी हिशेब मांडला.

घरी गेले तर आई दारातच बसलेली. डोळे लाल.

"पोरी, लगीन करून राह्यली, नि मलेच काऊन नाई सांगितलं?"

*

आता चुलींची गोष्ट. त्याआधी अंबूताईंची एक सवय सांगायला हवी. मधल्या सुटीत सगळ्यांचे डबे उघडले की त्या प्रत्येक डब्यातलं चिमूटभर चाखायच्या आणि नाव ठेवायच्या. कमलताईंना, "तिखट काय साऱ्या गावाचं टाकलं?" मोठ्या बाईंना तोंडावर, "हे पोळी हाये का वहाण?" दोघी वैतागायच्या. मला मात्र त्यांचा हेवा वाटायचा. माझ्या डब्याला अंबूताईंनी एकदाही नाव ठेवलं नव्हतं. मी आत आले की त्या आपल्या पाण्याच्या तांब्यावर फुलपात्र झाकायच्या.

बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आमच्या घराला वर्ष झालं होतं. अंबूताईंनी एकदा विचारलं, "दीक्षा घेतल्यानं काय बदललं वो, सुमनबाई?"

मी म्हटलं, "मी बदलले, ताई. तुमचा तांब्या तिथंच आहे."

तर सहलीच्या स्वयंपाकाची बैठक बसली. मोठ्या बाई म्हणाल्या, "चूल एकच करू." लगेच अंबूताई म्हणाल्या, "माझे उपासतापास राह्यते, माझी वेगळी." कमलताईंना कांदा-लसणाशिवाय घास उतरत नाही, त्यांची वेगळी. मोठ्या बाईंना घडीघडी चहा, म्हणून त्यांचीही वेगळी! चार बायका नि चार चुली! मी तोंडही उघडलं नव्हतं आणि एक चूल मला आपोआप मिळाली. कारण कुणी सांगितलं नाही. मला ते लहानपणापासून पाठ होतं.

माझं डोकं फिरलं. "मी येत नाही," म्हटलं.

मोठ्या बाई म्हणाल्या, "तुम्ही नाई, त मी बी नाई. नि मी नाई, त सहल बी नाई."

मग मी गेले. पण मनाशी पक्कं केलं होतं, की जेवायला मला बाजूला बसवलं तर पिशवी उचलायची, कारंजा गाठायचं आणि मिळेल त्या एसटीने परत. पुन्हा त्या स्टाफरूममध्ये पाय ठेवायचा नाही, नोकरी गेली तरी बेहत्तर.

*

तलाव खरंच सुरेख होता. राहुटी पहिल्या झटक्यात उभी राहिली. चौघींनी सामान काढलं. तवे चार, पातेली चार, मिठाच्या पुड्यासुद्धा चार! आणि मग कमलताई म्हणाल्या, "चुलीले दगड?"

दगड कुणीच आणले नव्हते. सगळीकडे काळीभोर माती, औषधाला खडा सापडेना! अंबूताई पदर खोचून तलावाच्या पाळीवर चढल्या आणि तिथला एक दगड हलवायला लागल्या.

राखणदार बोंबलत आला. "ओ बाई! पाळीचे दगड काढान त तलाव फुटन ना! समदं गाव वाहून जाईन!"

बिचाऱ्याने शेवटी आपल्या झोपडीतल्या चुलीचे तीन दगड आणून दिले. तीन दगड म्हणजे एक चूल.

चौघी त्या चुलीभोवती उभ्या. कुणी कुणाकडे बघेना. कमलताईंनी जाळ केला आणि पोळ्या भाजून घेतल्या. मग मोठ्या बाई शांतपणे म्हणाल्या, "सुमनबाई, भाजी तुम्ही टाका."

अंबूताई उठल्या आणि पाण्याकडे तोंड करून लांब जाऊन बसल्या. मी वांगी चिरली. फोडणी दिली, झाकण ठेवलं आणि माझी पिशवी जवळ ओढून ठेवली.

पत्रावळी मांडल्या. मोठ्या बाईंनी हाक मारली, "अंबूताई, या, वाढलं."

त्यांनी आधी तलावात हातपाय धुतले. मग आल्या. चौथी पत्रावळ माझ्या शेजारीच होती, तिच्यापुढे बसल्या. त्यांनी पोळीचा तुकडा मोडला, माझ्या भाजीत बुडवला, तोंडात घातला. सावकाश चावला. कपाळाला आठ्या पडल्या.

"काय वो सुमनबाई," अंबूताई म्हणाल्या, "मीठ काय सिंदीलेच ठेवून आल्या?"