कणीच्या ढिगातली ठुमरी

कर्जत स्टेशनाजवळ जुन्या रेकॉर्ड विकणारे एक गृहस्थ आहेत. घरची भातशेती, त्यामुळे त्यांची प्रतवारीही तांदळाचीच. बिनओरखड्याची रेकॉर्ड म्हणजे कोलम, थोडी झिजलेली म्हणजे जाडा आणि खरखरणारी म्हणजे कणी. रेकॉर्ड खिडकीशी तिरपी धरून, एक डोळा मिटून ते असा काही निकाल देतात, की मुंबईचे शौकीनही मुकाट ऐकतात.

कणीच्या ढिगात तळाशी एक ठुमरीची रेकॉर्ड कायम असते. कुणी हात लावला की हे म्हणणार, "ती नका घेऊ, पार गेलेली हाय." इतका प्रामाणिक दुकानदार मी दुसरा पाहिला नव्हता.

परवा खालापूरकडच्या एका फार्महाऊसच्या मालकीणबाई आल्या. त्यांना भिंतीवर टांगायला रेकॉर्ड हव्या होत्या. "वाजल्या नाहीत तरी चालेल," म्हणत त्यांनी नेमकी तीच उपसून काढली. "हिचं भोक मोठं करून घड्याळ बसवू."

यांचा चेहरा पार उतरला. "ताई, ही नको," म्हणत त्यांनी कोलममधल्या दोन चकचकीत रेकॉर्ड कणीच्या भावात बाईंच्या हातात कोंबल्या. "या भिंतीवर शोभतील."

बाई गेल्यावर त्यांनी ठुमरी लावली. आवाज अगदी नितळ, एक ओरखडा नाही. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "खरखर हाय ना?"

"भयंकर आहे," मी म्हणालो. "कुणाला देऊ नका बुवा."