ओल्या बर्फाचा नकाशा

नांदेडच्या प्रयोगशाळेत हिमालयातल्या ओल्या बर्फाचे नकाशे करायचं काम मला मिळालं, तेव्हा बर्फ मी फक्त रसवंतीवर पाहिला होता. माझा थोरला भाऊ मात्र तिकडंच सैन्यात गाडी चालवत होता.

उपग्रह वरून रडारच्या लहरी सोडतो. कोरड्या बर्फातून त्या खालच्या जमिनीपर्यंत जाऊन परत येतात. बर्फ ओला झाला की लहरी गिळतो, आणि चित्रात ती जागा काळी पडते. मग हिवाळ्यातल्या चित्राशी ताजं चित्र ताडून पाहायचं.

एप्रिलमधल्या एका सकाळी दादाच्या रस्त्यावरचा अख्खा उतार काळा आला. ओला बर्फ जड होऊन घसरतो, हे तोवर मला कळत होतं.

"डोंगराची सावली असेल, लहरी पोचल्या नसतील," आमच्या मॅडम म्हणाल्या.

"सावली हिवाळ्यातही दिसली असती, मॅडम. हे नवीन आहे."

त्यांनी दोन्ही चित्रं शेजारी लावून पाहिली आणि तिकडच्या अधिकाऱ्यांना फोन करायला उठल्या.

मी दादाला फोन लावला. लागेना. मग गावाकडं, देवणीला मायला लावला.

"दादाचा फोन आलता का गं?"

"हाव, सकाळीच. गाड्या घेऊन वर निघून राहिलो म्हनला. का गं?"

"काही न्हाई. असंच."

निरोप पोचला, असं मॅडमनी सांगितलं. गाड्या थांबल्या का, ते त्यांनाही माहीत नव्हतं. डबा तसाच राहिला. फोन वाजला की झडप घालून उचलायची, आणि दुसऱ्याच कुणाचा तरी असायचा.

संध्याकाळी अनोळखी नंबर आला.

"जयभीम. मी खालीच हाय गं. साहेबानं गाड्या रोकल्या, अन् मंग समदा बर्फ रस्त्यावर आला. लई बेकार आवाज."

"साहेबांना कुणी सांगितलं?"

"ते मला काय ठावं? तू रडून राहिली का?"

पुढं तिकडून जागेचा तपशील आला. बर्फ कोसळला होता तो मी पाहिलेल्या उतारावरून नव्हे, शेजारच्या घळीतून. तिथं कड्याआड रडार पोचतच नाही, म्हणून नकाशात ती जागा आम्ही पांढरी सोडायचो. कोरडा बर्फही पांढराच दाखवायचो, त्यामुळं नकाशा पाहणाऱ्याला ती घळ कोरडीच वाटायची.

 मॅडम खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसल्या. आम्ही दोघी जुने नकाशे एकेक उघडून अशा जागा करड्या रंगानं भरू लागलो, आणि कोपऱ्यात लिहीत गेलो: इथलं दिसत नाही.