कड्याखालचा बोगदा

अकुलिनाच्या तोंडी लागायचं नाही, हे उत्तरेच्या गोठलेल्या मुलखातल्या याना नदीकाठच्या त्या गावात कुत्र्यांनाही ठाऊक होतं. एकोणीस उन्हाळे ती शहरातून येणाऱ्या शास्त्रज्ञांबरोबर हिंडत होती. खांद्यावर अस्वलासाठी बंदूक, पण त्याचं नाव घ्यायचं नाही, तोंडाने ‘आजोबा’च म्हणायचं. हातात खुणा केलेली लोखंडी सळई. ती जमिनीत खुपसायची, गोठलेल्या थराला टेकली की खोली सांगायची आणि त्या शास्त्रज्ञांतल्या लिडियाबाईंनी लिहून घ्यायची. काम एवढंच, पण डास डोळ्यांत शिरत असताना दिवसाला दीडशे वेळा करून बघा.

त्या जुलैच्या सकाळी कड्याच्या माथ्यावर सळई गुडघाभर जाऊन थांबायला हवी होती, ती कमरेपर्यंत गेली. चार पावलांवर शेवाळाखाली लांबलचक भेग होती आणि तिच्यातून पंपाची घरघर ऐकू येत होती.

खाली केस्किल होता. बहीण गेल्यावर तिचा हा मुलगा अकुलिनानेच वाढवला. आता तो विकायला मॅमथचे सुळे शोधत, चोरून, पंपाच्या पाण्याने कड्यात बोगदे पाडत होता.

“मी पोलिसांना कळवते,” लिडियाबाई म्हणाल्या.

“ते परवा उगवतील, बाई,” म्हणत अकुलिना चिखलातून घसरत खाली उतरली.

केस्किल बोगद्याच्या तोंडाशी पाइप धरून उभा होता.

“बाहेर ये. वर भेग पडलीय.”

“बाईंनी वर थर्मामीटर सोडायला पाडलेल्या भोकाला धक्का लागतोय, म्हणून आलीस ना मावशी? आम्ही सकाळी नैवेद्य म्हणून आगीला लोणी घातलंय. जागेचा धनी राजी आहे.”

“लोणी मीही घातलं. मला त्यानं भेग दाखवली.”

“मला सुळा दाखवलाय. अर्धा बाहेर आलाय.”

“म्हातारीला आंघोळ घाल रे,” त्याचा जोडीदार हसत म्हणाला.

केस्किलने खरंच पाइप वळवला. पाण्याचा फटका छातीवर बसला, ती दगडावर आपटली, पुढचा दात तुटला. उठते तोच जोडीदाराने फावड्याचा दांडा पाठीत घातला. तिने बंदुकीचा दस्ता त्याच्या कानशिलात हाणून त्याला आडवा केला. मग सळई उचलली आणि सगळं बळ लावून केस्किलच्या मनगटावर मारली. हाड मोडल्याचं तिला ऐकू आलं. किंचाळणाऱ्या पोराची कॉलर धरून तिने त्याला नदीपर्यंत फरफटत नेलं. तो तिच्या पोटात लाथा घालत होता. छप्पन्न वर्षांची बाई, पण सोडलं नाही.

तिने विलोच्या झुडपाच्या काठ्या लावून त्याचा हात बांधला. कडा मात्र जागचा हलला नाही. तास गेला, दुसराही गेला.

“कुठं पडला तुझा कडा?” केस्किल म्हणाला. “भोकासाठी हात मोडलास माझा.”

ते तिला फार लागलं. ती औषधांची पेटी आणायला वर गेली. परत येताना पायाखालची जमीन हादरली. खाली बोगद्याचं तोंड बुजलं होतं; जोडीदार एकटाच बाहेर होता आणि हातांनी चिखल उपसत होता. केस्किल डाव्या हाताने पाइप धरून पुन्हा आत शिरला होता. अकुलिनाने नखं निघेपर्यंत उकरलं.

तिसऱ्या दिवशी पोलीस आले. त्यांच्या साहेबाने प्रेताच्या बांधलेल्या हाताकडे बोट दाखवलं.

“हा कोणी मोडला?”

“मी,” अकुलिना म्हणाली. “पाय मोडायला हवे होते. लिहा तसं.”