दुसऱ्या तळावरची लेक

पालीच्या सुग्रीवची लेक मंगळावर राहायला शिकत होती. हसू नका, गावानं पोटभर हसून घेतलंय. दूर परदेशातल्या एका वाळवंटात मंगळावरच्यासारखं एक बंद घर बांधलेलं. चार-सहा माणसांनी वर्षभर स्वतःला आत कोंडून घ्यायचं, आतच भाजी पिकवायची, तेच पाणी गाळून पुन्हा प्यायचं आणि दार उघडायचं नाही. उघडलं की सगळ्या प्रयोगाची माती. स्वप्ना शेतीचं शिकलेली, म्हणून भाजीचं काम तिच्याकडे.

ती निघाली तेव्हा तिची आई मनकर्णा रुसून बसली होती. "हितली जिमीन काय संपली का? त्या मंगळावर कावून जायचं माणसानं?"

सुग्रीव मेंढरांचा माणूस, माणसांशी कमीच बोलणारा. त्या दिवशी मात्र बोलला. "अगं, रोगाच्या साली आपण कळप कावून वाटतो? अर्धी मेंढरं हितं, अर्धी युसूफ वडगावच्या रानात. एका तळावर मरी आली तरी दुसरीकडं वंशाचं बी राहतं. समद्या माणसांचा तळ एकच हाय. उद्या हितं काय झालं, तर बी कुठं हाय?"

मनकर्णा उठून लेकीची पिशवी भरू लागली, कारण कळप वाटायचं दुखणं दोघांचंही होतं. कळप वाटला की एक नेम पाळतात. रोग सरेपर्यंत या तळाचं माणूस त्या तळावर जात नाही, कुणी मेलं तरी. पायाला लागून रोग जातो. सुग्रीवचा थोरला भाऊ बंकट अशाच एका साली वडगावच्या तळावर वारला, आणि याच्यानं राहवलं नाही. आजारी मेंढरांतून उठून तसाच धावत गेला, भावाचं तोंड बघायला. पंधरवड्यात तिकडचाही कळप आडवा झाला. भावजय एवढंच म्हणाली, "भावजी, तुमी यायला नको हुतं."

यंदाच्या उन्हाळ्यात मनकर्णानं अंथरूण धरलं. तापात लेकीला हाका मारायची. एके दिवशी सकाळीच तिनं जीव सोडला.

सुग्रीवनं कळवल्यावर ते मंगळाचं घर चालवणाऱ्या संस्थेतल्या एका मराठी बाईंचा फोन आला. "काका, तुम्ही म्हणाल तर दार उघडू. दोन दिवसांत पोचेल स्वप्ना."

मनकर्णाची बहीण सारजाबाई शेजारीच होती. "बोलवा पोरीला. मढं ठिवता येतं बर्फात. आईचं तोंड बघू द्या तिला."

त्या घटकेला सुग्रीवला लेक हवी होती, दुसरं काही म्हणता काही नको होतं.

"तिला सांगा," तो फोनवर म्हणाला. "लपवू नगा. पर दार उघडू नगा. बापानंच नको म्हणलं म्हणा, म्हंजी तिच्यावर बोल यायचा न्हाई."

बाप हाय का कसाई, सारजाबाई म्हणाली. आणखीही नाही नाही ते बोलली. यानं सगळं ऐकून घेतलं आणि सरण रचायला गेला.

दिवस कलताना स्वप्नाचा आवाज आला. तिथून सरळ बोलता येत नाही, मंगळावरून लागेल तेवढा उशीर मुद्दाम लावतात. निरोप पाठवायचा आणि वाट बघायची.

"आण्णा, दार न्हाई उघडलं मी. आईनं माझं नाव घेतलं का?"

सुग्रीवनं फोन तोंडाशी धरला आणि निरोप बोलला.

"घेतलं, माय. लई घेतलं. तू वाटंत हायस म्हणून सांगितलं मी, तवा डोळे मिटले तिनं."