फोटोपुरता चष्मा

नव्वदचं दशक संपत आलं होतं. सुरतेतल्या डाइंग मिलमालकांच्या एका संघटनेत मी इंग्रजी पत्रव्यवहार सांभाळत असे. एकदा एक परदेशी गिऱ्हाईक चहा पिता पिता विचारून गेलं, की तुमच्याकडे कामगारांच्या सुरक्षिततेसाठी काय करतात? प्रश्न साधाच होता, तरी कार्यालयात सुतक पडल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरीसाहेबांना उत्तर सापडलं. ते म्हणाले, "वेबसाइट करू."

कतारगामला कॉम्प्युटरचे क्लास चालवणारा एक गृहस्थ ती बनवणार होता आणि मजकूर मी लिहिणार होतो. पहिल्या पानावर अध्यक्षांचा फोटो, त्याखाली अध्यक्षांचा संदेश, त्याखाली उजवीकडून डावीकडे धावणारी एक ओळ आणि तळाला किती लोक येऊन गेले ते मोजणारा आकडा. आकड्याची सुरुवात शून्यापासून करणं अशुभ, असं सेक्रेटरीसाहेबांचं मत पडलं, म्हणून तो पाच हजारांपासून सुरू झाला. बाकीच्या पानांवर 'काम चालू आहे' अशी पाटी होती आणि तिच्यावर फावडं मारणारा एक चिमुकला हलता माणूस. संपूर्ण वेबसाइटवर हेल्मेट घातलेला तो एकटाच कामगार होता.

मी मात्र मन लावून लिहिलं. एका जाडजूड इंग्रजी पुस्तकावरून, रसायन अंगावर उडालं तर काय करावं, मशीनच्या रोलरमध्ये हात गेला तर काय करावं, हे सोपं करून उतरवलं. हे हिंदीत आणि गुजरातीतही टाका, असं मी सुचवलं. क्लासवाला म्हणाला की तसा फॉन्ट लोकांच्या कॉम्प्युटरवर नसतो, अक्षरांचं चित्र करून टाकावं लागेल आणि ते उघडायला फार वेळ लागेल. मग सेक्रेटरीसाहेबांनी मला समजावलं, "अरे भाई, वाचणारा परदेशात बसलाय. त्याला हिंदी कशाला?"

राहता राहिले फोटो. स्टेशनजवळच्या दुकानातून सेफ्टीचा एक चष्मा, रबरी हातमोज्यांचा एक जोड, एक मास्क आणि एक पिवळं हेल्मेट आणलं. सगळ्या मिलमध्ये फिरवायला हा एकच संच. पहिला मुक्काम एका डाइंग मिलच्या रंगखात्यात होता. तिथे डोक्यावर पडण्यासारखं काहीच नव्हतं. जे उडायचं ते डोळ्यांत.

फोटोसाठी निवडला तो अमळनेरकडचा, लिंबायतला राहणारा, चाळिशीचा माणूस. हुद्द्याने रंगमास्टरच्या हाताखालचा, पण गिऱ्हाइकाने दिलेल्या कापडाच्या तुकड्याशी रंग जुळवायची वेळ आली की मास्टर त्यालाच बोलवी. रंग जुळवण्याचा त्याला वेगळा भत्ता होता आणि त्या भत्त्यातून त्याच्या खोलीचं भाडं निघत होतं. मी मराठी बोलतोय हे ऐकून तो खुलला. त्याला सगळा साज चढवल्यावर खात्यातले सोबती हसायला लागले.

"कोठे चालना रे भाऊ, चंद्रावर का?"

"हो ना. तुले काय आनू तठून?"

फोटो झाला. हेल्मेट, मोजे, मास्क त्याने उतरवून दिले, चष्मा डोळ्यांवरच ठेवला. "झकास शे साहेब. आजना दिन राहू द्या ना, कॉस्टिकचं काम आहे."

"दुपारी पांडेसऱ्याच्या मिलमध्ये फोटो आहे," सेक्रेटरीसाहेब म्हणाले. क्लासवाल्याने चष्मा रुमालाने पुसून डबीत ठेवला.

फोटोपायी काम खोळंबलं होतं. वेळ भरून काढायला अमळनेरच्या त्या माणसाने पिंपात कॉस्टिक सोड्याच्या पापड्या एकदम ओतल्या आणि वरून पाणी सोडलं. पाणी खदखदून वर आलं. आम्ही अजून दारातच होतो.

"मना डोया गया, भाऊ!"

मी तोवर अपघातांबद्दल पानंच्या पानं लिहिली होती. अपघाताला आवाज असतो हे त्यांत कुठेही आलं नव्हतं.

दोघांनी त्याला धरलं. एक जण मिलमागच्या कामगारांच्या खोल्यांकडे धावला. डोळ्यात काही गेलं की अंगावर पिणारं मूल असलेल्या बाईचं दूध घालायचं, ही रीत खात्यात सगळ्यांना पाठ होती. वास्तविक फरशी धुवायचा रबरी पाइप दोन पावलांवर पडला होता. मी तो उचलला, तर सेक्रेटरीसाहेबांनी माझा हात पकडला.

"पाणी नाही! पाण्याने काय झालं ते आत्ताच पाहिलंत ना?"

ते रसायनशास्त्राचे पदवीधर होते. आणि पाण्याने काय झालं ते मी खरंच आत्ताच पाहिलं होतं. क्षणभर मलाच माझ्या वाक्याची शंका आली. 'ताबडतोब भरपूर पाण्याने धुवा आणि धूत राहा' हे मी लिहिलं होतं, पण त्यामागे माझ्याकडे शास्त्र नव्हतं, नुसतं टायपिंग होतं. त्या भरवशावर मी हात सोडवून घेतला आणि पाइप त्याच्या तोंडावर धरला.

तेवढ्यात एक बाई पदर सावरत वाटी घेऊन आली. सोबत्यांनी माझ्याकडे पाहिलं, वाटीकडे पाहिलं आणि जे ठरवलं ते आजही माझ्याच्याने नीट सांगवत नाही. वाटी डाव्या डोळ्यात रिकामी केली आणि दूध आत राहावं म्हणून त्याच्यावर फडकं बांधलं. उजवा डोळा माझ्याकडे दिला. एका माणसाच्या दोन डोळ्यांवर दोन उपचार, म्हणजे कोणाचंच मन दुखायला नको. मी "फडकं सोडा" म्हणून ओरडत होतो. सगळे मला शांत व्हायला सांगत होते.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी फडकं सोडलं आणि कितीतरी वेळ दोन्ही डोळे धुतले. मग आमच्याकडे वळून विचारलं, "हे कोणी बांधलं?" सेक्रेटरीसाहेब बाहेर जाऊन रिक्षा ठरवायला लागले, त्यांना पांडेसऱ्याला उशीर होत होता.

पुढच्या आठवड्यात वेबसाइट उघडली. पहिल्याच पानावर, अध्यक्षांच्या शेजारी, चष्मा लावून हसणारा तो. मी सेक्रेटरीसाहेबांकडे गेलो आणि तो फोटो काढून टाका म्हणालो.

"का?"

"त्याचा डोळा गेलाय, साहेब."

त्यांनी स्क्रीनकडे नीट निरखून पाहिलं. "फोटोत तर दोन्ही सलामत आहेत," ते म्हणाले. त्यांनी हे अजिबात विनोदाने म्हटलं नव्हतं. मी भांडलो, राजीनाम्याची भाषा केली. फोटो राहिला. तडजोड म्हणून पाण्याने धुण्याची ओळ हिंदीत, चित्र करून, आतल्या एका पानावर टाकली. पाचेक हजारांतून खरे किती आले आणि त्यांतल्या कोणी ती उघडायची वाट पाहिली, हे तो आकडाच जाणे.

पट्टी काढल्यावर मी लिंबायतला त्याच्या खोलीवर गेलो. उजव्याने अगदी पहिल्यासारखं दिसतं, तो म्हणाला. डाव्याने अंधार नाही, पण सगळं तेलकट कागदातून पाहिल्यासारखं. मिलने सोमवारी बोलावलं होतं आणि मास्टर आधी रंग जुळवून दाखवायला सांगणार होता. दोन डोळ्यांना दोन रंग दिसले की माणूस घोटाळतो, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं.

त्याच्या बायकोने ट्रंकेतून ब्लाउजपीस काढून चटईवर मांडले. "सांगा बरं," ती म्हणाली, जसं पोराला उजळणी म्हणायला लावावं.

त्याने डावा डोळा तळव्याने झाकला. "हाऊ मोरपंखी. हाऊ रामा. हाऊ आनंदी." तिन्ही निळ्या-हिरव्याच्या जवळपासचे, आणि तिन्ही बरोबर. मग त्याने उजवा झाकला. बायकोने पहिलाच तुकडा पुन्हा पुढे धरला. तो वाकला, तुकडा दारातल्या उजेडात नेला, परत आणला.

"मोरपंखी," तो म्हणाला, आणि थोड्या वेळाने, "असेल."