गोठ्यातली मोटार

आमच्या मामाजींची मोटार गोठ्यात राहायची. मामाजी म्हणजे माझे सासरे. मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, गेली तेव्हा गोंडपिपरीकडच्या एका मालगुजारानं आपली जुनी मोटार काढली, आणि मामाजींनी घरची चांगली बैलजोडी देऊन ती घेतली. जोडीची जागा रिकामी झाली, तिथे मोटार उभी राहिली. माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, शेती पाहायचे. त्यांना हा सौदा कधी पचला नाही. "बैल म्हातारा झाला तरी शेन देते. हे काय देते?" असं ते विचारायचे. आणि वर बजावायचे, "ज्या दिवशी हे कोनाले लागंल, त्या दिवशी विकून टाकीन." मामाजी ऐकून घेत आणि गोठ्याकडे जात.

सकाळी उठले की ते आधी मोटारीला पाणी पाजत, मग स्वतः चहा घेत. झाकण काढून आत बोट बुडवायचं, पाणी बोटाला लागलं नाही तर फडक्यातून गाळून विहिरीचं ओतायचं. तळ्याचं चालत नसे. मग इंजिनातली तेलाची पट्टी ओढून तेल चिमटीत चोळायचं, वास घ्यायचा. कचकच लागली की तेल बदलायचं. "भातात खडा आला तं आपन गिळतो का, बाई?" पंख्याचा पट्टा अंगठ्यानं दाबायचा, चाकांवर हात फिरवून प्रत्येकाला एकेक लाथ घालायची. चारही चाकांचा आवाज सारखा आला की समाधान. माझ्या नवऱ्याची इतकी चौकशी त्या घरात कधी कोणी केली नव्हती.

त्यांचं सगळंच बरोबर असे असं नाही. गाद्यांचं कातडं फाटू नये म्हणून मामाजींनी एकदा त्यावर कडूनिंबाचं तेल चोळलं. कातडं टिकलं. आमच्या लुगड्यांचा वास मात्र पावसाळाभर गेला नाही, आणि बाजारात बायका माझ्यापासून जरा लांब उभ्या राहत.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात, तूप-हळद लावतात. मामाजी त्या दिवशी मोटारीखाली शिरत आणि सांध्यासांध्यात ग्रीस भरत. वर्षाचं ग्रीस पोळ्यालाच, म्हणजे विसर पडत नाही. बाहेर येऊन हात जोडून तिला म्हणत, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." दुसऱ्या दिवशी तिला जुंपायचं नाही. पुरणपोळी तिच्या नाकावर ठेवली जायची आणि कोंबड्या ती खाऊन टाकायच्या. मामाजी म्हणत, "जेवली." भासरे तेवढ्यात उठून बांधीवर, धानाच्या शेतावर, निघून जात.

आणि एक नियम होता. फिरून आलो की इंजिन लगेच बंद करायचं नाही. "तापलेलं जनावर लगेच खुंट्याले बांधाचं नाई." ते थोडा वेळ तसंच धडधडू द्यायचं, मामाजी मान तिरकी करून ऐकत, आणि मग म्हणत, "आता बांध."

बाजाराच्या दिवशी मी त्यांच्या शेजारी बसायची. सुनेला शेजारी बसवतात म्हणून गावानं नावं ठेवली. पण मागच्या गादीवर सासूबाई असत, आणि मोटार हलली की त्या डोळे मिटून देवाचं नाव घेत ते बाजार येईपर्यंत. मामाजींना बोलतं माणूस लागे. "समोर कोन हाये, सांगत जा. रामराम कराले पाह्यजे. मोटार आली म्हनून मानूस माजला असं कोनी म्हनू नये." मी सांगायची, नाल्यावर गुराखी हाये, मोहाच्या झाडाजवळ तेल्याची बैलबंडी हाये. मामाजी वेग कमी करत, हात वर करत, रामराम करत. माणूस मोटारीनं उडवलेली धूळ खात जवाब देई. मला वाटायचं, काय हा नम्रपणा!

असंच एकदा बाजाराहून येत होतो. दोन्हीकडे धानाच्या बांध्या भरलेल्या, मधून रस्ता. समोरून सायकलवर भासरे आले.

आता भासऱ्यासमोर सुनेनं काय करायचं ते आमच्याकडे ठरलेलं. डोक्यावरून पदर ओढायचा, तोंड फिरवायचं, ब्र काढायचा नाही, नाव तर त्याहून नाही. मी पदर ओढला, तोंड फिरवलं. मामाजींनी वेग कमी केला नाही, हात वर केला नाही. भासरे सायकलीसकट बांधीत गेले.

लागलं कुठे नाही, चिखल मऊ होता. सायकलीच्या चाकाचा मात्र इंग्रजी आठ झाला. भासरे कमरेपर्यंत धानात उभे राहून आपल्या बापाकडे पाहत होते आणि बाप त्यांच्याकडे नाही, शेजारच्या बांधाकडे पाहत विचारत होता, "कोन होता?"

तेव्हा घराला कळलं. मामाजींना उजेड आणि सावली, एवढंच दिसत होतं. ते बोट बुडवणं, तेल चोळणं, लाथ घालणं, मला समोरचं विचारणं, सगळं त्यापायीच होतं. मला वाईट वाटलं, आणि आजवर आपण जिवंत आहोत याचं नवलही वाटलं.

रात्रीच्या जेवणाला भासरे म्हणाले, "विका."

"काऊन?" मामाजी म्हणाले. "डोळे माहे गेले, तिचे नाई. सूनबाई चालवील."

"बाईमानूस?"

"तिले रस्त्यावरचं सगळं दिसते. एक तूच दिसत नाईस. तेवढं शिकवतो."

माझे यजमान शाळामास्तर. ते ताटात पाहत राहिले, पण नाही म्हणाले नाहीत. त्याबद्दल मी त्यांचं पुष्कळ सहन केलं.

मामाजींनी मला आधी चालवायला शिकवलं नाही. आधी चारापाणी, मग नांगर. डोळे मिटून मी पाणी पाहिलं, तेल चोळलं, पट्टा दाबला. मग रस्ता. नियम एकच, समोर दिसेल त्याचं नाव घ्यायचं, मोटारीत कोणी कोणाचा भासरा नाही. खरी नावं तोंडातून निघेनात, म्हणून मी भासऱ्यांना "मोठे" म्हणायची आणि यजमानांना "मास्तर". मामाजी म्हणाले, "चालते. ब्रेक तं लावला."

पुढे काही वर्षांनी ते आजारी पडले. चांद्याच्या दवाखान्यात ठेवलं, मग डॉक्टर म्हणाले, घरी न्या. मीच आणलं त्यांना. निघताना त्यांनी विचारलं, "पानी पाह्यलं?" मी पाहिलं होतं. मग रस्ताभर ते मान मागे टेकवून पडून होते. घराच्या वळणावर त्यांनी मान उचलली.

"समोर कोन हाये?"

अंगणात दोघं भाऊ, भासरे आणि माझे यजमान, उभे होते. माझ्या तोंडात "मोठे" आलं होतं. ते मी गिळलं. पदर खांद्यावरच राहू दिला आणि मोठ्यानं म्हणाले, "महादेव हायेत. आन् त्यांच्याजवळ गोविंद."

मामाजी हसले. हात थोडा वर उचलला. "दोघंई हायेत? मंग घर आलं. थांबव."

मी थांबवली. भासरे पुढे झाले, दाराला हात लावून तसेच उभे राहिले. मी इंजिन बंद केलं नाही. तापलेलं होतं. मामाजींनी ऐकायला मान तिरकी केली, आणि मी त्यांच्या हुकमाची वाट पाहत बसले. धडधड शांत होत गेली, एकसारखी झाली.

"आता बांध" काही ते म्हणाले नाहीत. मान तिरकी होती, ती तिरकीच राहिली. शेवटी भासऱ्यांनीच आत हात घालून किल्ली फिरवली.